घराजवळची एकच वाट, बारा महिने: गोव्यात रोज निसर्गात चालायला सुरुवात कशी करायची

आमचं घर बांदोड्याला, फोंड्याजवळ. घरामागून एक पायवाट शेतात उतरते, मेरेवरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जाऊन पोफळीच्या कुळागराला (बागेला) वळसा घालते आणि नागेशीच्या देवळाच्या तळीपाशी रस्त्याला लागते. लग्न होऊन या घरात आले त्याला एकवीस वर्षं झाली, त्यातली पहिली सतरा वर्षं ही वाट मी फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितली. सकाळी डबे, आठची पणजीची बस, दिवसभर ऑफिसात खुर्ची, परत बस, घरी येईपर्यंत काळोख. मग चार वर्षांपूर्वी रिपोर्टमध्ये शुगर बॉर्डरवर आली आणि डॉक्टर म्हणाले गोळीचं नंतर बघू, आधी तीन महिने रोज चालून या.

मी काय केलं तर पहिले दोन महिने फक्त रविवारी चालले. बोंडल्याला जा, मयेच्या तळ्यावर जा, एकदा चोडणला फेरीबोटीने जाऊन सलीम अली पक्षी अभयारण्य बघून आले, फोटो छान आले आणि सोमवार ते शनिवार परत खुर्चीच. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी बस चुकली, पुढच्या बसला पाऊण तास होता, म्हणून सहज मागच्या वाटेने शेतात उतरले आणि तळीपर्यंत जाऊन आले. पंचवीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम अर्धा तास आधी उठून गेले, आणि तेव्हापासून आजारपण आणि घरातली लग्नकार्यं सोडली तर जातेच आहे. हा लेख त्यावरच आहे: लांबचं जंगल शोधत बसू नका, घराजवळची एक वाट धरा आणि तीच बारा महिने चाला. कशी निवडायची, कधी जायचं, पायात काय घालायचं, कशाला जपायचं, फायदा कशाचा आणि कधी दिसतो, ते मला जसं कळलं तसं सांगते.

फायद्याचं आधी बोलून घेऊ

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे की मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम मेहनतीची हालचाल करावी. मध्यम म्हणजे काय, तर चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतका वेग. रोज २५ मिनिटं, आठवड्यातून ६ दिवस, झाले १५०. म्हणजे माझी तळीपर्यंतची फेरी बरोब्बर पुरते, यात काही डोंगर चढायचा नाहीये.

आता निसर्गातच का, घरासमोरच्या हायवेवर का नाही? इंग्लंडमध्ये जवळजवळ २० हजार लोकांची माहिती घेऊन केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यात दिसलं की आठवड्यात एकूण १२० मिनिटं किंवा जास्त वेळ झाडापेडांत, बागेत, समुद्रावर घालवणारे लोक आपली तब्येत आणि मन चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात, आणि तो वेळ एकदम घालवला की थोडा थोडा, याने फरक पडत नव्हता. निसर्गामुळेच सगळं झालं असं अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही हे खरं, तब्येत बरी असलेला माणूसच जास्त बाहेर पडतो असंही असू शकतं. पण २०१५ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लोकांनी काही जणांना दीड तास झाडीतून आणि काही जणांना दीड तास गाड्यांच्या रस्त्याने चालवलं, तेव्हा झाडीतून आलेल्यांचं तेच तेच वाईट विचार मनात घोळवणं कमी झालेलं दिसलं, रस्त्याने आलेल्यांचं नाही. हे मला स्वतःला फार पटतं. ऑफिसात कोणी काही बोललं की मी ते दोन दोन दिवस डोक्यात फिरवत बसायची, मेरेवर खंड्या तारेवरून पाण्यात सूर मारतो तेव्हा तेवढ्यापुरतं तरी ते सुटतं, आणि एकदा सुटलं की पुन्हा तितकं घट्ट बसत नाही.

जपानमध्ये तर १९८२ साली तिथल्या वनखात्याने याला शिनरिन-योकू असं नावच दिलं, म्हणजे जंगलस्नान, आणि लोकांना तब्येतीसाठी जंगलात या म्हणून बोलावलं.

शुगरचं कारण एकदम साधं आहे. चालताना पायाचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरची १०–१५ मिनिटंसुद्धा उपयोगी पडतात, आणि आम्ही गोंयकार दोन वेळा भात खाणारे, आम्हाला तर जास्तच. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ जागेवर येतं आणि रात्री झोप वेळेवर लागते, माझ्या बाबतीत हा फरक सगळ्यात आधी, दुसऱ्याच आठवड्यात कळला. घरात शाळेतली मुलं असतील तर त्यांनाही ओढून न्या. दिवसा बाहेर उजेडात जास्त वेळ असणाऱ्या मुलांना लांबचं न दिसण्याचा चष्मा लागायची शक्यता कमी होते, याचे चांगले पुरावे आहेत.

वजनाचं मात्र कोणाला खोटं सांगणार नाही. नुसत्या अर्ध्या तासाच्या चालण्याने वजन फारसं उतरत नाही, माझं वर्षभरात दोन किलो उतरलं असेल, तेही भात कमी केला म्हणून. आणि चालू असलेली औषधं आपल्या मनाने बंद करायची नाहीत, माझी शुगर खाली आली तरी तपासणी दर सहा महिन्यांनी आहेच.

वाट कशी निवडायची

हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, यावर एक अख्खा रविवार घालवला तरी चालेल. माझा नियम असा की वाट घराच्या दारातून सुरू झाली पाहिजे, किंवा फार तर दहा मिनिटांत पोचता आलं पाहिजे. गाडी काढावी लागली की रोज जाणं होत नाही, दोन आठवड्यांत बंद पडतं, माझ्या ओळखीत किती जणांचं पडलंय.

दुसरं, मधेच परत फिरायला एक आखूड फाटा हवा, म्हणजे पाऊस आला, पाय दुखला, घरून फोन आला तर दहा मिनिटांत घरी. तिसरं, सावली. आपल्याकडे मार्चपासून सकाळी साडेआठलाच घामाने भिजायला होतं. चौथं, कुत्रे कुठे बसतात ते बघून ठेवा. एकच वाट रोज चालली की आठवड्याभरात कुत्रे ओळखायला लागतात, रोज नवी वाट धरली तर रोज नवे भुंकतात.

गोव्यात एक बरं आहे की बहुतेक ठिकाणी अशी वाट सापडतेच. गावात असाल तर शेताच्या मेरा आहेत, देवळाकडे जाणारी जुनी पाणंद आहे, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठची वाट आहे. दिवाडी, चोडण किंवा इतर नदीकाठच्या गावांत खाजन शेतीचे, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांचे, बांध आहेत, एका बाजूला शेत, दुसऱ्या बाजूला खाऱ्या पाण्यातली खारफुटी, आणि मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, पाणी आत-बाहेर होतं तिथे बगळे आणि खंडे हमखास. मात्र बांधावर नुकताच चिखल चढवलेला असेल तर त्यावर पाय देऊ नका, तो बांध फुटला तर खारं पाणी शेतात शिरतं आणि त्या माणसाचं वर्षाचं पीक जातं. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी ओहोटीची वेळ बघून जावं, ओल्या घट्ट वाळूवर चालणं सोपं, कोरड्या भुसभुशीत वाळूत पोटऱ्या भरून येतात आणि गुडघे दुखणाऱ्याला तर नकोच.

पणजीत राहणाऱ्यांना वाटतं आपल्याला कुठला निसर्ग. आल्तिनच्या टेकडीवरचे जुन्या झाडांचे रस्ते आहेत, कांपालची नदीकाठची बाजू आहे, मिरामार आहे, पाटोजवळ खाडीकाठी खारफुटीतून काढलेली लाकडी वाट आहे. मडगावकरांना मोंतीचा डोंगर. अगदी काहीच नसेल तर कॉलनीतली चार आंब्याची झाडं आणि त्यांच्याभोवती दहा फेऱ्या, तेही चालतं, मी आजारातून उठल्यावर महिनाभर अंगणातल्या माडांभोवतीच फिरत होते.

जमीन कोणाची आहे ते विचारा. कुळागरातून जायचं असेल तर मालकाला एकदा भेटून सांगा, आमच्या वाटेवरच्या भाटकारांनी पहिल्या दिवशी "कोणाची गो तू?" एवढंच विचारलं, सासऱ्यांचं नाव सांगितलं, झालं. काजूच्या दिवसांत, साधारण फेब्रुवारी ते मे, डोंगरावर जास्त जपून. तिथे बोंडू, बिया वेचायची कामं चाललेली असतात, आपण सहज म्हणून एक बी उचलली तरी ते बरोबर नाही.

वेळ

पहाटे चारला उठणाऱ्यांबद्दल मला आदर आहे पण काळोखात शेतातून चालू नका. आपल्याकडे मे महिन्याच्या शेवटी सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सात वाजून गेल्यावर. म्हणजे उन्हाळ्यात सव्वासहाला निघाले तरी लख्ख असतं आणि जानेवारीत पावणेसातच्या आधी पायाखालचं नीट दिसत नाही. मी घड्याळाचा अलार्म बदलत बसत नाही, पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलीचा भोंपू वाजला की चहा ठेवते आणि चहा पिऊन निघते, परत येईपर्यंत पोळ्या (पाव) पिशवीत दाराला टांगलेल्या असतात.

संध्याकाळ जमत असेल तर संध्याकाळ. नोव्हेंबरात सहाच्या सुमारासच सूर्य बुडतो, म्हणून ऑफिसवाल्यांना हिवाळ्यात संध्याकाळ मिळत नाही, त्यांनी दुपारच्या सुट्टीत जेवून पंधरा मिनिटं जवळच्या बागेत आणि बाकीची दहा सकाळी, असं तोडून करावं. तोडून केलेलंही मोजलं जातं. वेळ कोणती यापेक्षा ती रोज तीच असणं जास्त महत्त्वाचं, कारण मग घरातली माणसंही त्या वेळेत तुम्हाला हाक मारायची सोडतात.

पायात आणि हातात काय

महागडे शूज लागत नाहीत पण तळव्याला खाचा असलेले बंद शूज पाहिजेतच. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) पायऱ्या आणि पाणंदीतल्या गडग्याकडेचे दगड पावसाळ्यात शेवाळाने इतके गुळगुळीत होतात की चप्पल घालून उतरलं की माणूस पडलाच म्हणून समजा. शेजारच्या काकींचं मनगट असंच मोडलं, देवळाच्या पायऱ्यांवर. पावसात रेनकोटपेक्षा छत्री बरी, रेनकोटात आपल्या दमट हवेत आतून घामाने भिजायला होतं. छत्री कुत्र्यांसाठी आणि वाटेवरचं गवत हलवून बघायलाही उपयोगी पडते. बरोबर छोटी बाटली पाणी, खिशात फोन, आणि मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणारे असाल तर गुळाचा खडा किंवा ग्लुकोजची पुडी, चालताना शुगर एकदम खाली येऊ शकते. अशा लोकांनी घरी आल्यावर तळपाय रोज बघायचे, शूजमध्ये खडा जाऊन फोड आला तरी कळत नाही कधी कधी.

फोन सायलेंटवर. इअरफोन घालू नका. एक तर मागून येणारी गाडी, कुत्रा, गुरं ऐकू येत नाहीत, आणि दुसरं म्हणजे निम्मा निसर्ग कानानेच कळतो.

पहिले दोन महिने

पहिला आठवडा फक्त १५ मिनिटं, दमलेलं नसताना परत फिरा. मुद्दाम कमी, म्हणजे उद्या जावंसं वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात २० मिनिटं. चौथ्यापासून २५ ते ३०. सुरुवातीची पाच मिनिटं सावकाश, मधली जरा झपझप, म्हणजे ते बोलता येतं पण गाता येत नाही तसं, आणि शेवटची पाच परत सावकाश. छातीत दुखलं, जबडा किंवा डावा हात भरून आला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच बसा आणि १०८ ला फोन करा, घरी जाऊन बघू असं करू नका. हार्टचा जुना त्रास आहे किंवा खूप वर्षं काहीच हालचाल नाही अशांनी आधी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करायची.

दिवसाला दहा हजार पावलांचं टेन्शन घेऊ नका. हा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं त्याचं नावच "दहा हजार पावलं मोजणारं" असं होतं, तिथून तो जगभर गेला. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या बायकांचा एक अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यात रोज ४४०० च्या आसपास पावलं चालणाऱ्यांमध्येसुद्धा, २७०० चालणाऱ्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण कमी होतं आणि ७५०० च्या पुढे फरक थांबत होता. आमच्या सासूबाई ७४ च्या आहेत, त्यांना मी हे सांगितलं तेव्हापासून त्या तळीपर्यंत जाऊन पायरीवर बसतात आणि मी परत येताना त्यांना घेऊन येते. त्यांचा वॉक तेवढाच, आणि तो पूर्ण वॉक आहे.

आता एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. वाटेवर एक थांबायची जागा ठरवा. माझी जागा म्हणजे कुळागराच्या कोपऱ्यावर जिथे पाटाचं पाणी खाली उडी मारतं तिथला एक चिरा. तिथे पाच मिनिटं उभं राहायचं किंवा बसायचं, काही करायचं नाही. पहिलं मिनिट काहीच दिसत नाही, कारण आपण आल्यामुळे सगळे गप्प झालेले असतात. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला हालचाल परत सुरू होते, कोतवाल येतो, पोफळीवर खार बोलते, मागे कुठेतरी भारद्वाज हूप-हूप करतो. चालणं शरीराला आणि हे पाच मिनिटांचं थांबणं डोक्याला, मला तरी दोन्ही लागतात.

एकाच वाटेवर वर्षभर काय काय दिसतं

लोक विचारतात रोज तेच बघून कंटाळा नाही येत? गोव्यात सालाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो, मग वाट तीच राहील कशी! जूनमधली आणि फेब्रुवारीमधली माझी वाट शेजारी ठेवली तर कोणी ओळखणार नाही.

मे संपता संपता काजवे येतात, त्यासाठी संध्याकाळी सातनंतर टॉर्च घेऊन कोणाच्या तरी सोबतीने जा, व्हाळाच्या बाजूच्या झाडांवर बघा आणि दिसले की टॉर्च बंद करा. त्याच सुमाराला नवरंग येतो, पोपटाएवढाही नाही पण अंगावर हिरवा, निळा, लाल, पिवळसर सगळे रंग, आणि सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतो. दिसतो क्वचित, जमिनीवर पानांत फिरतो, पण शीळ एकदा ओळखली की विसरत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागतो, नांगरणी सुरू होते, ट्रॅक्टरच्या मागे बगळ्यांची रांग. जुलैत वारुळांवर अळंबी उगवतात, बघा पण ओळख असलेल्या जुन्या माणसाशिवाय खुडू नका, विषारी जातींत आणि खायच्या जातींत फरक करणं सोपं नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरात जमलं तर एखाद्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळावर, जा. उन्हाळ्यात जो सडा काळा करपलेला दगड वाटतो तो तेरड्याने जांभळा-गुलाबी होतो, आणि जवळ वाकून बघितलं तर सीतेची आसवं, कीटक खाणारी ती इवली निळी फुलं, दगडावरच्या बोटभर पाण्यात उभी असतात. वाहन वर चढवू नका, त्या दगडावर माती इतकी पातळ असते की एका चाकाखाली सगळं जातं.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीचा आठवडा माझा सगळ्यात आवडता. माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीसाठी, रानातली फळं-फुलं शोधायला सगळे त्याच वाटांनी फिरत असतात, आणि कवंडळं कुठल्या वेलीला लागतात, घागऱ्या कशाला म्हणतात, माट्टीची फळं कशी दिसतात हे मला सासऱ्यांनी याच वाटेवर दाखवलं. माट्टी हे आपल्या गोव्याचं राज्यवृक्ष आहे हे शाळेत पाठ केलं होतं, झाड मात्र वयाच्या चाळिशीनंतर ओळखलं. रोज चाललात तर चवथीच्या दोन महिने आधीच तुम्हाला कळतं कुठल्या कुंपणावर काय लागलंय. लागेल तेवढंच आणा, वेल मुळापासून ओढू नका.

ऑक्टोबरात भात कापणी आणि संध्याकाळी सातविणीचा वास, काहींना त्याने डोकं चढतं, त्यांनी सकाळीच जावं. नोव्हेंबरपासून थंडीचे पाहुणे पक्षी. या दिवसांत महिन्यातून एकदा करमळीच्या तळ्यावर जाऊन या, सकाळी लवकर, पाणपक्षी मोजता येणार नाहीत इतके असतात. डिसेंबर-जानेवारीत वायंगणाची (हिवाळी भाताची) हिरवी शेतं, मेरेवर दव, शूज भिजतात. काटेसावर फुलली की साळुंक्या, कोतवाल, बुलबुल सगळे एकाच झाडावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगीचा वास आधी येतो आणि झाड मग सापडतं. एप्रिल-मे म्हणजे बहावा, करवंदं, भिरंडं (कोकम), जांभळं आणि काजूच्या भट्ट्यांचा तो गोड आंबूस वास.

पक्ष्यांची नावं येत नाहीत म्हणून अडू नका. मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, आवाज ऐकून सुचवतं कोण आहे, नेहमी बरोबर असतंच असं नाही, म्हणून डोळ्यांनी बघून खात्री करायची. महिन्याला दोन नवे ओळखले तरी वर्षाला चोवीस झाले.

जपायचं कशाला

भीती घालायची नाहीये पण हे माहीत असलंच पाहिजे, विशेषतः शेतातून आणि डोंगरातून जाणाऱ्यांना.

जनावर, म्हणजे साप. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आहेत. वाटेच्या मधून चाला, गवतात पाय टाकण्याआधी छत्रीने गवत हलवा, चिऱ्यांच्या ढिगावर न बघता बसू नका, फुरसं अशा दगडांतच असतं. चावलाच तर घट्ट दोरी बांधणं, ब्लेडने कापणं, तोंडाने ओढणं यातलं काहीही नाही. अंगठी-बांगड्या काढा, तो हात किंवा पाय हलवू नका, १०८ ला फोन, आणि सरळ मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जिल्हा हॉस्पिटलात. मांत्रिकाकडे घालवलेली मिनिटं परत मिळत नाहीत. साप पकडून नेण्याची किंवा मारण्याची काही गरज नसते, त्यात दुसरा माणूस चावून घेतो.

पावसाळ्यात पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून जाऊ नका, उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) तिथूनच होतो. पाण्यातून गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत जोराचा ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर डॉक्टरांना शेतातून चालल्याचं आठवणीने सांगा.

सत्तरी तालुक्यातल्या लोकांसाठी वेगळी सूचना. तिथे २०१५ पासून माकडतापाचे पेशंट सापडलेत, तो गोचिडींमुळे होतो आणि मुख्यतः जानेवारी ते मे या कोरड्या दिवसांत. या काळात सुक्या पाचोळ्यात बसू नका, पूर्ण बाह्या आणि पँट मोज्यात खोचून जा, घरी येऊन कपडे गरम पाण्यात टाकून आंघोळ करा, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्रात कळवा. तिथल्या कोणी गवा बघितलाय असं सांगितलं तर त्या दिवशी दुसरी वाट धरा, गवा समोर आलाच तर फोटो काढत थांबू नका, तसेच हळूहळू मागे सरका आणि त्याला जायला रस्ता द्या.

कुत्रा चावला, नुसतं ओरखडलं तरी, साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस. वीज कडाडत असेल तर मोकळ्या शेतात किंवा एकट्या माडाखाली थांबायचं नाही, मे आणि ऑक्टोबरातल्या संध्याकाळी हे जास्त. पावसाळ्यात समुद्राकाठच्या ओल्या खडकांवर चढायचं नाही, लाट कधी येते कळत नाही.

बायकांना एक सांगते, मीसुद्धा सुरुवातीला एकटी जायला घाबरत होते. शेजारच्या दोघींना विचारलं, आता आम्ही तिघी आहोत, कोणी एक नसली तरी दोघी असतातच, आणि घरी कोणत्या वाटेने जातोय ते माहीत असतं. बोलायचं असेल तर जाताना बोलायचं आणि येताना गप्प यायचं असं आम्ही ठरवलंय, त्यामुळे गप्पाही होतात आणि पक्षीही ऐकू येतात.

खंड पडला तर

पडतोच. माझा चिकनगुनियाच्या वेळी दीड महिना पडला. परत सुरू करताना जिथे सोडलं तिथून नाही, १५ मिनिटांपासून. एक दिवस चुकला तर काही नाही, दोन दिवस सलग चुकले की तिसऱ्या दिवशी काहीही करून निदान अंगणात तरी दहा मिनिटं, एवढा एकच नियम मी पाळते. जुलैत पाऊस कोसळत असतो तेव्हा आम्ही देवळाच्या बाहेरच्या छपराखाली फेऱ्या मारतो, तळीत पडणारा पाऊस बघत, आणि उघडीप मिळाली की वाटेवर.

आणि एक वही ठेवा, जाडी काही नको, मुलाची निम्मी कोरी राहिलेली चालते. घरी आल्यावर तारीख आणि एक ओळ. काय दिसलं, पहिल्यांदा काय फुललं, कोण भेटलं. माझ्या वहीत पहिल्या वर्षी "पाऊस. बगळे." एवढंच आहे पानंच्या पानं. दुसऱ्या वर्षी नावं यायला लागली. यंदा मेच्या शेवटच्या आठवड्यात मी नवरंगाची शीळ ऐकली आणि घरी येऊन मागची वही काढली, तर गेल्या वर्षीची नोंद चार दिवस नंतरची होती. सासऱ्यांना सांगितलं, ते म्हणाले मग यंदा लावणीची तयारी लवकर करू, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर मेर बघायला आले.